पहिली ११३ किलोमीटरची शर्यत : गोव्याचा समुद्र की घाटावरचा तलाव?

बेळगावात राहून ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं सलग) करणाऱ्याची एक मोठी सोय आहे. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरला की पणजी, आणि महामार्गाने संकेश्वर-निपाणी ओलांडली की कोल्हापूर. दोन्हीकडे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, सायकल गाडीवर टाकून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली आयर्नमॅन कंपनीची ७०.३ शर्यत सुरू झाली. कोविडची दोन वर्षं सोडली तर ती दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. घाटावर स्थानिक क्लबांनी उभ्या केलेल्या शर्यती आहेत, पोहणं तलावात. दोन्हीकडे अंतर तेच: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. एकूण ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल.

या दोहोंतली पहिली शर्यत कुठली निवडायची, हा प्रश्न आमच्या सकाळच्या गटात दर वर्षी येतो. त्यातलं एक प्रकरण मी इथे सविस्तर मांडतो आहे. निवड कशावरून करावी हे त्या प्रकरणात मला सगळ्यात स्पष्ट दिसलं. संबंधित बाईंची परवानगी घेतली आहे. त्यांचं आणि त्यांनी निवडलेल्या शर्यतीचं नाव घेत नाही.

बाईंची परिस्थिती

वय ३९. राहायला टिळकवाडीत, नोकरी खानापूर तालुक्यातल्या हायस्कुलात, विषय विज्ञान. नवऱ्याचं उद्यमबागेत मशीन शॉप. घरात सासूबाई आणि नववीतली मुलगी. धावणं चांगलं, हाफ मॅरेथॉन सव्वादोन तासांत आरामात. सायकल दोन वर्षांपासून, ती पण नेमाने. पोहायला मात्र त्या पस्तिशीनंतर शिकल्या, आणि जे काही पोहल्या ते सगळं पूलमध्ये. निळ्या फरशीवरची काळी रेघ बघत पन्नास मीटरच्या पूलमध्ये त्या ३८ फेऱ्या न थांबता मारायच्या. १.९ किलोमीटर म्हणजे नेमक्या तेवढ्याच. वेळ लागायचा ५७ मिनिटं, म्हणजे शंभर मीटरला तीन मिनिटं.

त्यांच्या मनात गोवा पक्कं होतं. कारण समजण्यासारखं आहे. गोव्याहून कोणी मेडल घेऊन आलं की त्याचा फोटो पेपरात येतो, गल्लीत फलक लागतो, शाळेत सत्कार होतो. मिलिंद सोमणने २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचची पूर्ण आयर्नमॅन (७०.३ च्या दुप्पट अंतराची) केली तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला आहे. १९७८ साली हवाईत १५ जणांनी सुरुवात केलेल्या आणि १२ जणांनी पुरी केलेल्या शर्यतीचं आज जगभर पसरलेलं नाव झालं. त्या नावाची ओढ मी कमी लेखत नाही. पहाटे साडेचारला थंडीत उठायला ते नावच बळ देतं.

मला म्हणाल्या, "सर, एवढा खर्च आणि एवढी मेहनत एकदाच करायची, तर नाव असलेलीच करू की."

आधी घड्याळ मांडलं

७०.३ शर्यतींत साधारणपणे पोहण्याला १ तास १० मिनिटं मिळतात, सुरुवातीपासून साडेपाच तासांत सायकल संपवावी लागते आणि साडेआठ तासांत सगळं. वेळ चुकली की तिथेच थांबवतात, मग पाय कितीही ताजे असोत.

बाईंचे आकडे त्यात बसवले. ७० मिनिटांत १९०० मीटर म्हणजे शंभर मीटरला ३ मिनिटं ४१ सेकंद. पूलमधला त्यांचा वेग याहून चांगला, त्यामुळे कागदावर १३ मिनिटं शिल्लक. पण उघड्या पाण्यात काळी रेघ नसते. दर दहा-बारा हातांनी मान वर काढून पिवळा किंवा नारिंगी बोया शोधावा लागतो, पोहणारा वाकडा जातो, अंतर वाढतं. पूलमध्ये दर पन्नास मीटरला भिंतीला पाय मारून मिळणारी ढकल तिथे नाही. नवख्याला या सगळ्याचे मिळून दहा ते पंधरा टक्के सहज जास्त लागतात. ५७ चे ६५ झाले. उरली पाच मिनिटं.

पुढचं गणित सोपं होतं. पासष्ट मिनिटं पोहणं आणि आठ मिनिटं कपडे-बूट बदलणं धरलं, तरी ९० किलोमीटरला सव्वाचार तास उरतात. ताशी २१ चा वेग पुरतो आणि बाई चोविसाने चालवतात. धावण्याची काळजीच नव्हती. म्हणजे सगळी शर्यत पहिल्या सत्तर मिनिटांत अडकलेली होती.

आणि पाण्याचा प्रश्न फक्त वेळेचा नसतो. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनच्या १९८५ ते २०१६ या काळातल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा मृत्यू किंवा हृदय अचानक बंद पडल्याच्या १३५ घटना सापडल्या. त्यांतल्या ९० पोहताना घडल्या होत्या. लाखो लोक भाग घेतात हे लक्षात घेता प्रमाण अगदी थोडं आहे, पण धोका कुठल्या टप्प्यात साठलेला आहे ते यावरून कळतं. म्हणून चाळिशीच्या आसपासच्या कुणालाही मी आधी हृदयाची तपासणी करून घ्यायला लावतो आणि मगच शर्यतीचं बोलतो. बाईंनी ती करून घेतली होती.

विहीर

उघड्या पाण्याचा सराव कुठे करायचा, हा आपल्याकडचा खरा पेच. राकसकोपचं पाणी शहराच्या पिण्याचं, तिथे उतरायचा विचारसुद्धा करायचा नाही. हिडकल दूर आहे, आणि धरणाच्या पाण्यात परवानगी आणि बचावाची सोय असल्याशिवाय जाणं हा शुद्ध वेडेपणा. शेवटी बाईंच्या दिरांची खानापूर तालुक्यातली विहीर उपयोगी आली. दगडी बांधणीची, चौकोनी, पायऱ्यांची. पावसाळ्यानंतर तुडुंब.

विहिरीत सरळ पोहता येत नाही, अंतर मोजता येत नाही. पण बाईंना जे हवं होतं ते तिथे होतं: खाली तळ न दिसणारं काळपट हिरवं थंड पाणी. पहिल्या दिवशी त्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि गुडघ्याच्या पुढे जाईनात. मी कमरेला बचावाची तरंगती नळी बांधून पाण्यात होतो. दीर वर काठावर दोर घेऊन उभे. ते खाली वाकून म्हणाले, "वैनी, तळ दिसंना म्हणून कशाला भ्यायचं? तुम्ही वरनं जाणार, तळाशी तुमचं काम काय हाय?"

बाई उतरल्या. तोंड पाण्यात घातलं आणि लगेच बाहेर काढलं. श्वास असा जोराने आत ओढत होत्या की बोलता येईना. थंड पाणी अचानक छातीला लागलं की शरीर आपोआप असं करतं, यात भित्रेपणाचा संबंध नाही. मी त्यांना फक्त पाठीवर तरंगायला लावलं, डोळे आभाळाकडे, आणि फुंकर घालतो तसा श्वास हळू बाहेर सोडायला सांगितलं. श्वास ताळ्यावर आला. पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्या विहिरीत वेगाचं काहीच केलं नाही. पाण्यात शिरायचं, घाबरायचं, पाठीवर पडायचं, श्वास सोडायचा, परत पालथं व्हायचं. मला विचाराल तर तयारीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

याच रविवारांत माझं मत पक्कं झालं की या बाईंची पहिली शर्यत समुद्रात नको. खारं पाणी शरीर वर उचलून धरतं, हा समुद्राचा फायदा खरा. पण लाट तोंडावर येते तेव्हा नेमका श्वास घ्यायचा क्षण हुकतो, आणि ज्याचा श्वासच बिघडतो त्याला ते फार महाग पडतं. वेटसूटचा, म्हणजे तरंगायला मदत करणाऱ्या घट्ट रबरी पोशाखाचा, आधार मिळेल म्हणावं, तर पाणी साधारण २४.५ अंशांच्या वर गेलं की तो घालू देत नाहीत, आणि गोव्याचा समुद्र त्या दिवसांत त्याहून बराच कोमट असतो.

पावसाळा आणि ऊस

दुसरी बाजू तयारीच्या महिन्यांची. ही परगावच्या वेळापत्रकात सापडत नाही, इथे राहणाऱ्यालाच कळते. ऑक्टोबर-नोव्हेंबरातली शर्यत म्हणजे लांब सायकलीचे महिने जून ते सप्टेंबर. तेव्हा खानापूर-जांबोटीकडे पाऊस काय कोसळतो हे सांगायला नको. रस्त्यावर खड्डा आहे की नुसतं पाणी, हे चाक आत गेल्यावर कळतं. मग घरात ट्रेनरवर सायकल लावून तीन-तीन तास एकाच जागी पाय मारायचे. वर गणपती, दसरा, सहामाहीचे पेपर. आणि गोव्यातला तो दमट उकाडा. बेळगावच्या साडेसातशे मीटर उंचीवरच्या हवेत वाढलेल्या माणसाला मिरामारला दुपारी धावताना घाम येतो आणि वाळतच नाही, शरीर थंड होत नाही.

डिसेंबर-जानेवारीतली घाटावरची शर्यत धरली तर ऑक्टोबर ते डिसेंबर मिळतात, आपल्याकडचे सोन्यासारखे महिने. त्यातही एक धोका आहे. गळीत हंगाम सुरू झाला की संकेश्वर, निपाणी, चिकोडीकडच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात उसाच्या डबल ट्रॉल्या चालतात. कित्येकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस हँडलच्या उंचीवर. त्यामुळे उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि लांबची सायकल जांबोटीच्या बाजूला, असा आमचा नियम.

स्वतंत्र म्हणजे आपोआप चांगली, असं मात्र नाही

इथे एक गैरसमज दोन्हीकडून होतो. काहींना वाटतं मोठं नाव नाही म्हणजे गावठी कारभार. जर्मनीतलं रोट बघा. तिथली शर्यत एके काळी आयर्नमॅनच्या नावाने व्हायची, २००२ पासून ती चॅलेंज रोट म्हणून वेगळी उभी आहे. २०२४ साली आन हाउगने पूर्ण अंतर ८ तास २ मिनिटं ३८ सेकंदांत संपवलं ते तिथेच. पाण्यात, सायकलीला, धावायला हजारो लोक आणि त्यांना बघायला त्याहून किती तरी जास्त. दुसऱ्या काहींना वाटतं स्थानिक म्हणजे आपली माणसं, सांभाळून घेतील. ते तर जास्त धोक्याचं. पाण्यात आपली माणसं पुरत नाहीत, कयाक (वल्ह्याची छोटी होडी) लागते.

मोठ्या कंपनीच्या शर्यतीत तुम्ही फीच्या रूपाने काही पट जास्त पैसे देता, ते कशाचे हे नीट समजून घ्यावं. सगळे एकदम पाण्यात न पडता थोडे थोडे सोडले जातात आणि चटईवर पाय पडला की ज्याचं त्याचं घड्याळ सुरू होतं. सायकलीच्या रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. नियम छापील, पुढच्या सायकलीपासून किती मीटर मागे राहायचं इथपासून हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलीला हात लावायचा नाही इथपर्यंत. जे आधी कळायला हवं ते सगळं पुस्तिकेत मिळतं. स्वतंत्र शर्यतीत हेच सगळं असू शकतं, किंवा यातलं निम्मं नसू शकतं. ते विचारून काढावं लागतं.

म्हणून मी बाईंना आयोजकांना फोन करायला लावलं, लिहून घेतलेले प्रश्न समोर ठेवून. कयाक किती, लाइफगार्ड किती, सुरुवात एकदम की थोडे थोडे, दमल्यावर कयाकला धरलं तर चालतं का. रस्ता बंद की चालू. पाण्याची टेबलं किती किलोमीटरवर. ॲम्ब्युलन्स तलावाच्या काठी की शहरात. तलावात पोहणं रद्द झालं तर काय करणार. माझ्या मते या सगळ्यांत एक प्रश्न राजा आहे: पाण्यात गेलेले सगळे बाहेर आले, हे तुम्ही कसं ताडून बघता?

त्या आयोजकांनी या प्रश्नावर क्षणभरही विचार केला नाही. पायाला बांधलेल्या चिपवर एक मोजणी, आणि काठावर दोन माणसं टोपीचा नंबर वहीत लिहितात, दोन्ही जुळल्याशिवाय कयाक बाहेर येत नाहीत. कयाकला धरून थांबायला मुभा, फक्त तिने पुढे ओढून न्यायचं नाही. मोठ्या शर्यतींतही नियम हाच आहे. पाण्याच्या टेबलांचं मात्र उत्तर मोघम आलं, "असतात की मॅडम, भरपूर असतात." रस्ता एका बाजूने चालू राहणार हेही त्यांनी सरळ सांगितलं.

त्या उत्तरांवर निर्णय झाला. ज्यात आपण कच्चे, त्यात शर्यत पक्की हवी. बाई पाण्यात कच्च्या होत्या आणि ही शर्यत पाण्यात पक्की होती. रस्ता चालू होता, पण सायकलीवर त्या वाहतुकीला सरावलेल्या. याच कसोटीवर गटातल्या एका कारवारच्या मुलाला मी त्याच वर्षी गोव्याला जायला सांगितलं. तो लहानपणापासून समुद्रात वाढलेला, पण लहानपणीच्या अपघातामुळे मागून ट्रक आला की हँडल थरथरायचं. त्याला बंद रस्ता हवा होता, आणि त्यासाठी जास्तीची फी देणं अगदी रास्त होतं.

घरी सासूबाईंचा एकच प्रश्न होता: "तळ्यात बघायला माणसं हायत न्हवं?" आहेत म्हटल्यावर त्यांनी विरोध केला नाही.

शर्यतीचा दिवस

सकाळी तलावावर धुकं होतं, बोया दिसेना म्हणून सुरुवात थोडी लांबवली. आयोजकांचा हा निर्णय मला फार आवडला.

साधारण तीनशे मीटरवर बाजूच्याचा हात बाईंच्या चष्म्यावर बसला, एका डोळ्यात पाणी शिरलं आणि श्वास गेला. विहिरीतला तोच श्वास. त्या पाठीवर पडल्या आणि हात वर केला. कयाक आली. कयाकवाल्या मुलाने विचारलं, "बाहेर घेऊ काय, मॅडम?" त्यांनी मान हलवली, कयाकचं टोक धरून चष्मा रिकामा केला आणि दोनेक मिनिटं नुसता श्वास सोडला. पुढचे शंभर मीटर त्या मान वर ठेवून बेडूक-हाताने गेल्या, मग परत फ्रीस्टाइल. बाहेर आल्या तेव्हा १ तास ४ मिनिटं झाली होती. आमचा अंदाज पासष्टचा होता.

सायकल ३ तास ४९ मिनिटं. दुसऱ्या फेरीत एका टेबलावरचं पाणी संपलेलं होतं, आणि ऊन चढलेलं. फोनवरचं उत्तर मोघम होतं म्हणून आम्ही जर्सीच्या मागच्या खिशात मिठाचं पाणी भरलेली तिसरी बाटली ठेवली होती, तिच्यावर निभावलं. ज्यांच्याकडे नव्हती त्यांचे हाल झाले, आणि ही चूक छोटी म्हणता येत नाही. उन्हात पाणी न मिळणं हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. शर्यतीनंतर मी आयोजकांना ते स्पष्ट सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं.

धावणं २ तास ४४ मिनिटं. सायकलीवरून उतरल्यावर पहिले तीन किलोमीटर पाय स्वतःचे वाटत नाहीत, हे त्यांना सरावातून माहीत होतं, म्हणून घाबरल्या नाहीत. बदलण्याचा वेळ धरून एकूण ७ तास ५२ मिनिटं.

गोव्यात हेच तीनशे मीटरवर झालं असतं तर तिथेही कयाक आलीच असती, शंका नाही. पण लाटांत श्वास बसायला दोन मिनिटं पुरली असती असं मला वाटत नाही, आणि हातात मिनिटं होती मोजून पाच.

जे मिळालं नाही

बाईंना एका गोष्टीचं वाईट वाटलं, ते इथे लिहिलंच पाहिजे. सोमवारी स्टाफरूममध्ये पेढे दिले तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "म्हणजे आयर्नमॅन नव्हे का ही?" तेवढंच अंतर आहे, हे समजावून सांगावं लागलं. शेवटच्या रेषेवर गर्दी नव्हती, नावाचा पुकारा करणारा माईक तेवढ्यात बंद होता. नवरा, मुलगी आणि दीर एवढेच टाळ्या वाजवायला. ज्याला पहिल्या शर्यतीत ती गर्दी हवी आहे, त्याने ती हवी असणं गैर नाही. तिची किंमत कुठे मोजावी लागते एवढं आधी बघावं.

आता त्यांना गोवा करायचं आहे आणि मला ते पटतं. उघड्या पाण्यात श्वास गेला तरी परत आणता येतो, हे त्यांनी स्वतः करून बघितलं आहे. फक्त समुद्राचा सराव पावसाळ्याआधी उरकायला हवा, जूननंतर किनाऱ्यावर उतरता येत नाही. कारवारच्या त्या मुलाने सोबत पोहायचं कबूल केलंय, स्थानिक लाइफगार्डशी बोलून. मे अखेरपर्यंत समुद्रात दीड किलोमीटर न थांबता जमलं तर फी भरायची, नाही जमलं तर यंदा पुन्हा तलाव, असं ठरलं आहे. फी एकदा भरली की बहुतेक परत मिळत नाही, म्हणून ती त्याआधी भरायची नाही यावर नवरा-बायको दोघेही ठाम आहेत. पहिला सराव फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी.